मृदंगामागचा ट्रंपेट

वाद्यांमधलं मला कळतं, असं आमच्या गावात एकाच माणसाचं मत होतं आणि तो माणूस म्हणजे मी. या मताला आधार एवढाच, की शेताच्या एका दाव्यापायी मी एकदा नागपूरला गेलो होतो आणि तिथल्या बागेत पलटणीचा बँड उभ्या उभ्या ऐकून आलो होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, त्यामुळे अपिलाची वाट नागपूरची. लोक तिथून संत्री आणत. मी मत घेऊन आलो. त्यानंतर कोणाच्या लग्नात वाजंत्री वाजली, की मी मान तिरकी करून ऐकायचो आणि शेजारच्याला सांगायचो, की वाजतंय बरं पण बसत नाहीये. काय कुठं बसत नाहीये, ते शेजारच्यानं कधी विचारलं नाही, हे माझं नशीब.

आमचं गाव जानेफळच्या अंगाचं. गावात वाद्यं मोजकी. भजनी मंडळाची पेटी, टाळांच्या जोड्या आणि मृदंग. मृदंग मंडळाचा, पण राहायचा आमच्या घरी, माजघरातल्या खुंटीला, कारण तो वाजवायचे बाबा. एकादशीला आमच्याकडे भगर आणि रताळी. तरी कणकेचा एक गोळा त्या दिवशी मळला जायचाच. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापली, की त्याचा आवाज खाली उतरतो, भरदार होतो. ही कणीक बाबा दुसऱ्या कोणाला मळू देत नसत. दिवेलागणीला ते विठ्ठलाच्या देवळात जायचे, आपली गादी हातानं सारखी करायचे, मृदंग मांडीवर घ्यायचे आणि डोळे मिटायचे. डोळे उघडे ठेवून त्यांना वाजवताच येत नसे. मी तर लहानपणी समजत होतो, की मृदंग हे झोपेत वाजवायचं वाद्य आहे.

पुढं बाबांचे कान जायला लागले. आधी पाखरं गेली, मग आईची हाक गेली, मग पेटी गेली. मंडळ एका कडव्यावर आणि बाबा मागच्या कडव्यावर, असं व्हायला लागलं. शाळेचे मास्तर मंडळाचे पुढारी. पेटीही तेच वाजवायचे आणि गायचेही तेच. माणूस भला. त्यांनी सुचवलं, की काकाजी, डोळे उघडे ठेवा आणि टाळकऱ्यांच्या हाताकडे पाहा. बाबांनी पाहिलं. चालता चालता कोणी पावलं मोजायला सांगितली की चालणंच अडतं, तसा त्यांचा हात अडला. शेवटी मास्तर एका दुपारी घरी आले आणि म्हणाले, "काकाजी, आता तुमी आराम करा. पोरं वाजवतीन." बाबांना काय ऐकू आलं देव जाणे. ते "हाव" म्हणाले आणि मास्तरांना ताक दिलं.

पुढच्या एकादशीला बाबा कणीक मळून, मृदंग घेऊन देवळात गेले. त्यांच्या गादीवर एक तरुण गडी मेहकरहून आणलेला नवा मृदंग घेऊन बसला होता. बाबा भिंतीशी बसले, शेवटपर्यंत बसले आणि घरी येऊन मृदंग खुंटीला लावला. त्याच्या पुढच्या एकादशीलाही त्यांनी कणीक मळली. तो गोळा हातात घेऊन ते बराच वेळ ओट्यावर बसले आणि मग त्यांनी तो गाईला घातला. मला ते पाहवलं नाही. बाबांना त्या गादीवर परत बसवायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात शिरलं. माझ्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली, की घरचे लोक आधी भांडी आवरून ठेवत.

त्या माघात आम्ही शेगावला दर्शनाला गेलो होतो. परतताना स्टेशनावर ही गर्दी. नागपूरहून कोणी बडा साहेब मेलनं येणार होता, म्हणून फलाटावर पताका आणि एक बँड. गाडी आली आणि बँडातल्या एकानं पितळी भोंग्यातून अशी काही तान सोडली, की माझ्या बायकोच्या कडेवरचं पोर दचकून रडायला लागलं. मी बाबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून उभे होते आणि त्यांची बोटं काठीवर ठेका धरत होती. अगदी बरोबर ठेका. साहेबाला पाहायला सगळा फलाट पुढं धावला. मी एकटा बँडाकडे धावलो आणि त्या भोंग्याचं नाव विचारून आलो. ट्रंपेट.

खामगावात पलटणीच्या बँडातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. दारच्या म्हशीला हाक मारायची, तरी ते हुकूम दिल्यासारखी मारत. त्यांच्याकडे दोन ट्रंपेट होते. एक पोचे आलेला, काळपट. दुसरा असा झकझकीत, की त्यात माझ्या मिशा दिसत होत्या. त्यांनी दोन्ही वाजवून दाखवले आणि म्हणाले, "आवाज देखो मियाँ, सूरत मत देखो." मी पारखी माणूस. मडकं घेताना मारतात तशी दोन्हींना टिचकी मारली, मान तिरकी केली आणि मिशा दिसणारा घेतला. सूर बदलायचे जे तीन खटके असतात, त्यातला त्याचा मधला खटका दाबला की वर येत नसे, हे मला घरी आल्यावर कळलं. वर यायला त्याला तेल लागे, आणि तेल पाजूनही तो मर्जीनं येई.

बदल्यात मी एक कालवड दिली होती. बायकोनं ट्रंपेट उलटा सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "कालवड देऊन भोंगा आणला! पिळा आता त्याले सकाळ-संध्याकाळ." पुढं तिनं पाहिलंच, की थोडा वेळ फुंकून तो उलटा केला तर त्यातून पाणी निघतं. "एवळंच दूध देते काय?" असं तिनं विचारलं. मी उत्तर दिलं नाही. कलावंतानं घरात उत्तरं देऊ नयेत.

शिकायला मी त्या पलटणवाल्यांकडे खामगावच्या फेऱ्या मारल्या आणि रियाज शेतातल्या विहिरीवर केला. ट्रंपेटमध्ये नुसतं फुंकून भागत नाही. ओठ आवळून त्यांचा फरफराट करावा लागतो, आणि तो फरफराट आत जाऊन सूर होतो. माझा बरेच दिवस फरफराटच राहिला. गुरुजींनी सांगितलं होतं, की या वाद्याचा आवाज चोहीकडे पसरत नाही, तोंडासमोर सरळ जातो. ज्याच्यासमोर धराल त्याला लागतो. हे त्यांचं खरं होतं. विहिरीच्या समोर ज्यांचं शेत, त्यांनी कपाशीची वाळलेली पऱ्हाटी उपटायची सोडून एक दिवस मला येऊन विचारलं, "भाऊ, तब्येत तं बरी हाये ना?"

चैत्रातल्या एकादशीला मी मास्तरांचे पाय धरले. एकदा, फक्त एकदा बाबांना वाजवू द्या, मी ट्रंपेटवर सोबत करतो, त्यांना ऐकू येतं. मास्तर कबूल झाले. पण पहिली अडचण सुराचीच आली. पेटीच्या भाषेत माझा सा काळी पाचचा, आणि मंडळ गायचं काळी एकात. मला दुसरीकडून सुरुवात करता येत नव्हती. मी मोठेपणानं म्हणालो, की मग मंडळानंच काळी पाचात यावं. मास्तरांनी खालची काळी पाच धरली तर त्यांचा आवाज पोटात जाई, वरची धरली तर टाळूला चिकटे. शेवटी म्हाताऱ्या माणसासाठी म्हणून त्यांनी खालची धरली आणि हुंकार दिल्यासारखं गायला सुरुवात केली.

मी फुंकलं. आणि बाबांचा चेहरा फुलला. त्यांनी डोळे मिटले, मान एकदा हलवली आणि पहिली थाप अशी पडली, की टाळकऱ्यांचे हात नुसतेच थांबले. महिन्यांचं साचलेलं सगळं त्या दोन हातांतून बाहेर येत होतं. असा मृदंग मी आयुष्यात ऐकला नव्हता. खरं म्हणजे त्या दिवशीही नीट ऐकला नाही, कारण माझ्या ट्रंपेटखाली कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. मास्तरांचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "कोनाची मोटार आली व माय?" देवळातली कबुतरं त्या दिवशी जी उडाली, ती पावसाळ्यात परत आली.

भजन संपल्यावर मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काकाजी पायजेत. गडी अजून वाघ हाये. पर हा बिगूल नको. देवाले हळू म्हटलेलंही ऐकू येते, तो काई बहिरा नाई." आणि मग बाबांकडे पाहून त्यांनी जीभ चावली.

म्हणजे पेच असा पडला, की बिगुलाशिवाय बाबा चुकत होते आणि बिगुलासकट मंडळ बुडत होतं. मी कमी आवाजाचे उपाय सुरू केले. ट्रंपेटच्या तोंडात बायकोचं जुनं लुगडं कोंबलं. मंडळ खूष, पण बाबा पुन्हा मागच्या कडव्यावर. लुगडं काढलं की बाबा पुढच्या कडव्यावर आणि मंडळ कानावर हात ठेवून. अर्धं लुगडं कोंबून पाहिलं तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच नाराज झाल्या. देवळाबाहेर पारावर उभं राहून खिडकीतून वाजवून पाहिलं. तेव्हा आवाज देवळापेक्षा पाटलाच्या गोठ्यात जास्त गेला आणि पाटलांनी माणूस पाठवला.

मग मला वाटलं, की खोट ट्रंपेटमध्ये नाही, मंडळात आहे. या वाद्याला शोभेल असा दुसरा मेळ शोधावा आणि बाबांना तिथं बसवावं. मारुतीच्या उत्सवाला सनईवाले येत. सनईसुद्धा फुंकायचं वाद्य, जोरकस वाद्य. मी हिशेब केला, की सनई आणि ट्रंपेट म्हणजे सोयरिक जुळण्यासारखं स्थळ. वाजवायला बसलो तेव्हा कळलं, की सनई एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, लाडात येत जाते. ट्रंपेट दाणदाण पायऱ्या उतरतो. त्यात माझा मधला खटका अडकला, म्हणजे मधली एक पायरीच नाही. सनईवाले गृहस्थ सनई मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाले, "भाऊ, आमी मारोतीले इनंती करून राह्यलो. तुमी त्याले हुकूम सोडून राह्यले." त्यांच्या संबळवाल्याला बाबांचा मृदंग मुळातच खपत नव्हता. आम्ही दोघं प्रसाद घेऊन उठलो.

वैशाखात आमच्या सोयऱ्यांकडचं लग्न उंद्रीला होतं आणि वरातीला बँड सांगितला होता. मी बँडवाल्यांना गळ घातली आणि मृदंग गळ्यात अडकवून बाबांनाही उभं केलं. पाहुणे हसले. शेतीवाडीचा माणूस वरातीत भोंगा फुंकतो म्हणून एक मामा तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण मला सांगितलं पाहिजे, की त्या मेळात ट्रंपेट शोभला. उघड्या आभाळाखाली, ढोलाच्या आणि बाकीच्या पितळी वाद्यांच्या जोडीला तो असा खुलला, की जणू घरी आला. शोभलो नाही तो मी. बँडवाले चालता चालता वाजवत होते. मला वाजवताना चालणं जमेना आणि चालताना वाजवणं. बाबांना ऐकू यावं म्हणून मी त्यांच्याकडे तोंड करून उलटा चालत होतो आणि बाबा, अर्थातच, डोळे मिटून.

एका वळणावर वरात डावीकडे गेली. आम्ही दोघं सरळ गेलो. माझं तोंड बाबांकडे, त्यांचे डोळे बंद, त्यामुळे वरात गेल्याचं दोघांनाही कळलं नाही. ती गल्ली रिकामी होती. एका दारात बांधलेली शेळी आणि आम्ही. ट्रंपेट आणि मृदंग, तिसरं काही नाही. आणि काय सांगू, तिथं जमलं. मधला खटकासुद्धा वेळेवर वर आला. बाबा हसत होते, मान डोलावत होते, आणि मला वाटलं की ही गल्ली संपू नये. ती संपली, पुढं उकिरडा होता. बाबांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "नवरदेव कुठी गेला बे?"

म्हणजे पारखी म्हणून माझा निकाल असा झाला, की ट्रंपेट आणि मृदंग हा मेळ उत्तम, फक्त त्यात तिसरा माणूस नको. पण बाबांना तिसरा माणूस हवा होता. त्यांना सगळं मंडळ हवं होतं. उंद्रीहून परतताना गाडीत ते मृदंगावर हात ठेवून बसले होते आणि म्हणाले, "आपलं देऊळ बरं." मी पुढं पाहत बैल हाकत राहिलो.

श्रावणात झड लागली. पाऊस थांबेना, विहिरीवर जाता येईना, म्हणून मी माजघरात ट्रंपेटला गोधडी गुंडाळून रियाज करत होतो. हात भरून आला म्हणून भोंग्याचं तोंड ज्वारीच्या कोठीला टेकवलं. कोठीच्या पलीकडे बाबा पाठ टेकून दोर वळत बसले होते. ते म्हणाले, "ह्या कोठीत काय गुणगुण करून राह्यलं?" आणि दोर सोडून त्यांचा हात मांडीवर ठेका धरायला लागला. मी गोधडीसकट उठलो, कोठीला वळसा घातला आणि ट्रंपेटचं तोंड सरळ त्यांच्या पाठीला लावून फुंकलं. ते दचकले, आणि मग म्हणाले, "हाव. असंच."

तिथून पुढचे महिने आमच्या घराण्याचे वैभवाचे दिवस. बाबा परत आपल्या गादीवर बसले. त्या तरुण गड्यानं आपण होऊन जागा दिली आणि टाळ घेतले. मी बाबांच्या मागं दाटीवाटीनं बसायचो, गोधडीत गुंडाळलेला ट्रंपेट त्यांच्या पाठीला लावायचो आणि फुंकायचो. मंडळाला नुसती म्हशीच्या रवंथासारखी घरघर ऐकू येई आणि ती त्यांनी चालवून घेतली. काळी एकात वाजवायलाही मी शिकलो, म्हणजे निदान काळी एकाच्या आसपास. बाबांची थाप चुकत नव्हती. प्रत्येक समेला हात नेमका यायचा. त्यांच्या हातची कणीक पुन्हा मृदंगाच्याच तोंडी लागत होती आणि गाय तेवढी एकादशीला उपाशी राहत होती.

या यशाचं काय करावं ते मला कळेना. जानेफळचं भजनी मंडळ मुद्दाम पाहायला आलं. मी त्यांना ट्रंपेटचं शास्त्र समजावून सांगितलं. ट्रंपेट हे मुळात कानाचं वाद्यच नाही, पाठीचं आहे. पलटणीत तो पुढच्या शिपायाच्या पाठीमागं वाजवतात, ते याचसाठी. भोंग्यातला वारा पाठीच्या कण्यातून वर चढतो आणि आतून कानाला भिडतो. त्यातल्या एकानं हे जाऊन मेहकरच्या डॉक्टरांना सांगितलं, असं मला नंतर कळलं. डॉक्टर काय म्हणाले ते मात्र मला कोणी सांगितलं नाही.

घरातही सगळं सुरळीत होतं. बाबांशी आम्ही सगळे घसा ताणून बोलायचो आणि ते सगळ्याला "हाव" म्हणायचे. एवढी एकवाक्यता आमच्या घरात पूर्वी कधी नव्हती.

पौषात थंडी पडली ती अशी, की माझे ओठ फुटले. खालच्या ओठाला उभी चीर गेली. लोणी लावलं, तूप लावलं. ट्रंपेटची तोंडी ओठाला लागली की डोळ्यांत पाणी यायचं. आणि एकादशी उजाडली. घरी राहावं तर बाबा चुकणार आणि पुन्हा ती भिंत. जावं तर फुंकता येत नाही. बाबा सकाळपासून कणकेच्या मागं लागलेले. त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही. गेलो. मागं बसलो, गोधडीतला ट्रंपेट पाठीला लावला, गाल फुगवले आणि नुसताच बसून राहिलो. आता दोन ओळींत घोटाळा होईल, मास्तर मागं वळून पाहतील, बाबा डोळे उघडतील, असं मला वाटत होतं. टाळांबरोबर मी मनातल्या मनात म्हणत होतो, की बाबा, आता. बाबा, आता.

बाबा चुकले नाहीत. एकदाही नाही. मास्तर लय वाढवत गेले, बाबा बरोबर वाढवत गेले. शेवटच्या गजरात तर त्यांनी तरुणपणीचे बोल काढले. मी गाल फुगवून बसलो होतो. बाबांचे कान परत आले, दुसरं काय असणार. आणि ते ट्रंपेटमुळे आले. जानेफळच्या मंडळाला आता काय काय सांगायचं, याची जुळवाजुळव मी तिथल्या तिथं सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ओट्यावर उन्हात बसून मृदंगाची वाळलेली कणीक नखानं खरवडत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "काल वाजवला नाई तू."

मी आनंदानं ओरडलो, "तुमाले ऐकू आलं काय, वाजवला नाई ते?"

"ओरडू नको," ते म्हणाले. "ओरडलं का तोंड वाकळं होते, मंग समजत नाई. सावकाश बोल."

मी सावकाश तेच पुन्हा बोललो. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"मले काई ऐकू येत नाई. पहिले तुहा बिगूल ऐकू ये, मंग पाठीत समजे. आता पाठीतबी समजत नाई, नुसतं मुंग्या आल्यावानी होते. दिवाळीपासून सारंच बंद हाये. पोरं फटाके फोडून राह्यले होते आन मले नुसता धूर दिसे."

दिवाळी होऊन किती दिवस झाले होते. आम्ही सगळे त्यांच्याशी ओरडत होतो.

"मंग ठेका कसा धरता?" मी विचारलं.

"तुहा गुडघा," बाबा म्हणाले. "सम आली का तू गुडघा मारतं माह्या कमरेत. तुले मालूमच नाई. पहिल्या दिवसापासून मारतं. सुराचं मले माईत नाई, पर गुडघा तुहा पक्का तालात हाये."

मी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. नागपूरचा बँड, खामगावच्या फेऱ्या, दिलेली कालवड, फुटलेले ओठ, आणि सगळ्या खटाटोपात तालात काय होतं, तर गुडघा. हसावं की काय करावं ते कळेना.

"आन बिगूल?"

"थो गोधळीत असते ना. पाठीले ऊब लागते. थंडीचं बरं वाटते."

"मंग हे सांगितलं काऊन नाई तुमी? मी इकडं ओठ फाटेपर्यंत फुकून राह्यलो."

कणकेचा एक पापुद्रा निघत नव्हता, तो बाबांनी नखानं काढला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सांगितलं असतं तं तू मांगं बसला असता काय?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, त्यामुळे मी काय बोललो ते त्यांना कळलं नसणार. मी काही बोललोही नव्हतो. मला रडू येत होतं आणि फुटलेल्या ओठाला ते झोंबत होतं. बायको दारात येऊन विचारायला लागली, की काय झालं. मी थंडीला दोष दिला.

पुढच्या एकादशीपर्यंत ओठ बरे झाले होते. तरी ट्रंपेट मी माळ्यावरच ठेवला. देवळात मास्तरांनी विचारलं, "बिगूल कुठी हाये?" मी म्हणालो, खटका अडकला. ते एवढे खूष झाले, की पुढं काही विचारायचं विसरले. मी रिकाम्या हातानं बाबांच्या मागं बसलो. बाबांनी एकदा मान वळवून मागं माणूस आहे ना ते पाहून घेतलं. मी गुडघा पुढं सरकवून त्यांच्या कमरेला टेकवला, आणि त्यांनी डोळे मिटले.